रोमन प्रेमकवींचे इमान

रोमन प्रजासत्ताकाच्या अखेरच्या शतकात प्रतिष्ठित घराण्यातील पुरुषाने आपले आयुष्य कसे घालवावे, याविषयी कोणाच्या मनात फारसा संदेह नव्हता. तारुण्यात एखाद्या सेनापतीच्या हाताखाली मोहिमेवर जावे, मग खजिन्याच्या कारभारापासून आरंभ करून न्यायाधिकारापर्यंत, आणि दैव अनुकूल असेल तर कॉन्सलच्या सर्वोच्च पदापर्यंत एकेक पायरी चढावी, एखाद्या प्रांताची सुभेदारी करावी, आणि मृत्यूनंतर या साऱ्या अधिकारपदांची यादी थडग्यावरील शिलालेखात कोरली जावी, असा तो ठरलेला मार्ग होता. विवाह हा दोन घराण्यांमधील व्यवहार होता, संतती हे राज्याविषयीचे कर्तव्य होते, आणि स्त्रीविषयीची उत्कट आसक्ती ही तरुणपणी क्षम्य, पण प्रौढपणी लाजिरवाणी ठरणारी दुर्बलता होती. अशा या समाजात, इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या साठ-सत्तर वर्षांत, कवींची एक मालिका पुढे आली आणि तिने निःशंकपणे असे सांगितले की, आपल्या आयुष्याचे मोल ठरवायचे तर ते एका व्यक्तीवर आपण कसे प्रेम केले यावरून ठरवावे. त्या उद्गारात केवढे धैर्य होते, हे आज दोन हजार वर्षांनी सहजासहजी ध्यानात येत नाही. आणि ते ध्यानात आल्यावाचून लॅटिन प्रेमकाव्याची खरी थोरवी कळत नाही.

प्रेमाची गीते रोमनांनी प्रथम गायिली असे नव्हे. त्यांच्या कित्येक शतके आधी लेस्बॉस बेटावरील सॅफोने प्रियजनाच्या नुसत्या दर्शनाने देहाची व चित्ताची होणारी दुरवस्था वर्णिली होती, आणि अलेक्झांड्रियाच्या विद्वान ग्रीक कवींनी प्रणयाच्या एखाद्या क्षणावर चार-सहा ओळींची कोरीव मुक्तके रचण्याची कला पूर्णत्वास नेली होती. परंतु त्या मुक्तकांतील प्रेमिक, आपल्या संस्कृत-प्राकृत मुक्तकांतील नायकाप्रमाणेच, बहुधा कोणीही असू शकतो. त्याचा प्रणय त्या क्षणापुरता असतो आणि कविता संपताच तोही संपतो. रोमन कवींनी एकाच संबंधाची सारी वाटचाल, तीतील आनंद, संशय, भांडणे, समेट आणि आत्मवंचना यांसह, अनेक कवितांच्या मालिकेतून मांडली. ती मांडताना घटनांचा कालक्रम त्यांनी पाळला नाही. पण आपले नाव, आपले मित्र, आपले गाव आणि आपला काळ यांपैकी काहीच झाकूनही ठेवले नाही.

या परंपरेच्या अग्रभागी उभा असलेला गेअस व्हॅलेरियस कॅटलस हा इ.स.पू. ८४ च्या सुमारास उत्तर इटलीतील व्हेरोना येथे जन्मला. घराणे सधन होते. ज्यूलियस सीझर त्याच्या वडिलांकडे पाहुणा म्हणून उतरत असे, आणि मुलाने मात्र त्याच सीझरवर जहरी कविता लिहिण्यास मागेपुढे पाहिले नाही. इ.स.पू. ५७ मध्ये तो मेमिअस या अधिकाऱ्याच्या परिवारात सामील होऊन बिथिनिया प्रांती, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाच्या उत्तर भागात, गेला, आणि त्या नोकरीत पदरी काही पडले नाही ही तक्रार त्याने पुढे मोकळेपणाने पद्यबद्ध केली. पूर्वेकडेच, ट्रॉयच्या प्राचीन भूमीत, त्याचा भाऊ मरण पावला होता. त्याच्या थडग्याशी येऊन मूक मातीला अखेरचा निरोप देणारी त्याची दहा ओळींची कविता जगातील शोकगीतांत आजही अग्रस्थानी आहे. तिशीच्या आसपास तो वारला, आणि मागे उरल्या त्या शंभराहून थोड्या अधिक कविता.

त्यांपैकी ज्या कवितांनी त्याचे नाव अमर केले, त्या लेस्बिया नावाच्या स्त्रीविषयी आहेत. हे नाव अर्थातच टोपणनाव; सॅफोच्या बेटाचे स्मरण देणारे. सॅफोच्या एका कवितेचा लॅटिन अवतारही कॅटलसने रचला आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील लेखक अपुलियस सांगतो की, लेस्बियेचे खरे नाव क्लोदिया होते. आणि बहुतेक पंडितांच्या मते ही क्लोदिया म्हणजे लोकनेता पब्लिअस क्लोदियस याची बहीण आणि इ.स.पू. ६० चा कॉन्सल मेटेलस केलर याची पत्नी. तसे असेल तर या स्त्रीचे दुसरे एक चित्र आपल्यापाशी आहे. इ.स.पू. ५६ मध्ये कीलियस नावाच्या तरुणाचा बचाव करताना सिसेरोने भर न्यायसभेत क्लोदियेवर जी झोड उठविली, तीत तिच्या अब्रूचा एकही धागा त्याने शाबूत ठेवला नाही. वकिलाने अशिलासाठी रंगविलेले ते चित्र आहे, आणि कवीने रंगविलेले चित्र पुष्कळदा त्याहून कमी कठोर नाही. पण सिसेरोच्या भाषणात जे मुळीच नाही, ते कॅटलसच्या प्रत्येक ओळीत आहे, आणि ते म्हणजे या स्त्रीने आपल्याला दिलेला शब्द पाळावा अशी विकल आस.

प्रारंभीच्या सुखाच्या कविता लोकप्रिय आहेत. प्रियेच्या मांडीवर खेळणाऱ्या चिमणीचा हेवा करणारी, त्या चिमणीच्या मृत्यूवर हळवा विलाप करणारी, मत्सरी लोकांना हिशेब लागू नये म्हणून चुंबनांची गणती मुद्दाम गोंधळून टाकणारी, अशा या कविता वाचताना तारुण्याचा उन्माद वाचकालाही स्पर्श करतो. परंतु कॅटलसची खरी अपूर्वता त्यांच्या पलीकडे आहे. लेस्बियेशी असलेला त्याचा संबंध विवाहाचा नव्हता. त्यामुळे रोमन कायद्याने त्या संबंधाला कसलेही बंधन घातले नव्हते, आणि कसलेही संरक्षणही दिले नव्हते. समाजाच्या दृष्टीने ती एक भानगड होती आणि भानगडीत वचनभंग हा अपराध ठरत नाही. कॅटलसने हा दृष्टिकोनच नाकारला. राज्याराज्यांतील तह, मित्रामित्रांमधील निष्ठा, देवांविषयी व पितरांविषयी असलेले कर्तव्य यांसंबंधी रोमन माणूस ज्या गंभीर भाषेत बोलत असे, ती सारी भाषा त्याने आपल्या प्रेमासाठी वापरली. आमच्यामधला हा स्नेहाचा करार आजन्म टिकावा, अशी तो देवांजवळ प्रार्थना करतो. तो करार मोडला तेव्हा आपल्या बाजूने इमान कधीही ढळले नव्हते, अशी तो साक्ष देतो. एके ठिकाणी तर तो म्हणतो की, चारचौघे आपल्या प्रेयसीवर करतात तेवढेच आपले प्रेम नव्हते, बाप आपल्या मुलांवर व जावयांवर करतो तसेही ते होते. प्रणयकाव्यात जावयाचा उल्लेख आजच्या वाचकाला विचित्र वाटेल. पण रोमन कुटुंबातील स्वार्थरहित ममतेचे दुसरे नाते त्याला सापडले नाही, आणि देहाच्या ओढीपलीकडे आपल्या मनात काही आहे हे सांगण्याची त्याला निकड होती.

याच कवितेत त्याने मानवी मनाविषयी एक असे सत्य नोंदविले आहे की, त्यासाठी पुढील अनेक कादंबरीकारांना शेकडो पाने खर्ची घालावी लागली. विश्वासघातानंतर वासना अधिक तीव्र होते, परंतु त्या व्यक्तीचे भले व्हावे ही इच्छा मात्र ओसरते. म्हणजे प्रेम एकाच वेळी वाढते आणि घटते. त्याची अत्यंत प्रसिद्ध द्विपदी हाच विरोध दोन ओळींत उभा करते. एकाच हृदयात प्रेम व द्वेष एकत्र नांदतात हे ती सांगते, त्याचे कारण विचारले जाईल हेही ती जाणते, आणि कारण देता येत नसल्याची कबुली देऊन केवळ यातनेची ग्वाही देते. अखेरीस देवांपाशी तो प्रियेची प्राप्ती मागत नाही, तिचे सुधारणेही मागत नाही. या व्याधीतून आपल्याला सोडवा, एवढेच मागतो. आपल्या दुःखाचे इतके निर्दय परीक्षण त्यापूर्वीच्या लॅटिन काव्यात कोणी केले नव्हते.

कॅटलसनंतर या काव्याला एक निश्चित घाट मिळाला तो गेअस कॉर्नेलियस गॅलस याच्या हाती. सहा गणांची एक दीर्घ ओळ आणि तिच्यापाठोपाठ किंचित आखूड दुसरी, असा 'एलिजी' म्हणून ओळखला जाणारा द्विपदीचा छंद ग्रीकांकडून आला होता. गॅलसने त्यात लायकोरिस या नावाने एका नटीवरील आपल्या प्रेमाचे चार ग्रंथ रचले. हा मनुष्य नुसता कवी नव्हता. क्लिओपात्राच्या पतनानंतर इ.स.पू. ३० मध्ये मिसरचा पहिला रोमन सुभेदार म्हणून त्याचीच नेमणूक झाली. पुढे बादशहा ऑगस्टसची मर्जी फिरली, आणि इ.स.पू. २६ च्या सुमारास त्याने आत्महत्या केली. व्हर्जिलने ज्याच्या विरहावर एक संपूर्ण गोपगीत रचले, त्या कवीची शतकानुशतके अवघी एक ओळ शिल्लक होती. १९७८ मध्ये मिसरच्या दक्षिणेकडील कस्र इब्रिम येथील उत्खननात पपायरसचा एक तुकडा सापडला आणि त्यावर गॅलसच्या सुमारे नऊ ओळी, काही अखंड व काही खंडित, वाचता आल्या. एवढ्याशा त्या अवशेषात लायकोरिसच्या स्वैरपणाची खंतही आहे आणि सीझरच्या विजयाचा उल्लेखही आहे. प्रणय आणि राज्य ही दोन दैवते या काव्यात किती जवळजवळ उभी होती, याचा याहून बोलका पुरावा नसेल.

गॅलसच्या मागून आलेल्या कवींनी या घाटात काही संकेत रूढ केले. प्रियेच्या बंद दाराबाहेर रात्र काढणारा प्रेमिक हा एक संकेत. स्वतंत्र नागरिकाने स्वतःला एका स्त्रीचा गुलाम म्हणविणे हा दुसरा. आणि प्रेम हीच आपली फौजेतील चाकरी, असे सांगून खरी लष्करी चाकरी नाकारणे हा तिसरा. ज्या नगरीत प्रत्येक घरात खरोखरीचे गुलाम होते आणि ज्या नगरीचे सारे वैभव फौजेच्या बळावर उभे होते, तिथे असे बोलणे म्हणजे मानमर्यादेची सारी उतरंड उलटी मांडणे होते.

हा उलटेपणा सर्वांत तीव्रतेने जगला तो सेक्स्टस प्रोपर्शियस. उंब्रिया प्रदेशातील असिसीच्या या तरुणाच्या बालपणीच यादवी युद्धानंतर निवृत्त सैनिकांना वाटण्यासाठी जमिनी जप्त झाल्या, आणि त्यात त्याच्या घराण्याच्या वतनाचा मोठा हिस्सा गेला. इ.स.पू. ४१-४० मध्ये पेरुजियाला पडलेल्या वेढ्याच्या सुमारास त्याचा एक आप्त मारला गेला आणि त्याचे शव न पुरताच राहिले. तो वेढा घालणाराच पुढे ऑगस्टस झाला. प्रोपर्शियसच्या पहिल्या संग्रहाचा पहिला शब्द सिंथिया हे प्रियेचे नाव आहे, आणि त्याच संग्रहाच्या शेवटी पेरुजियाच्या त्या मृताचे स्मरण आहे. तरुणांना विवाहाची सक्ती करणारा एक कायदा मागे घेतला गेला तेव्हा त्याने सिंथियेसह आनंद केला, आणि माझ्या रक्ताचा कोणीही सैनिक होणार नाही, असे उघडपणे लिहिले. प्रेमकवितेतील या निर्धाराला जप्त जमिनीचा आणि न पुरलेल्या आप्ताचा आधार आहे, हे विसरून त्याला केवळ विलासी म्हणणे अन्यायाचे होईल.

त्याची सर्वश्रेष्ठ कविता मात्र सिंथियेच्या मृत्यूनंतरची आहे. दहनानंतर तिचे प्रेत-रूप रात्री कवीच्या उशाशी येते. अग्नीने तिच्या वस्त्राची कड जळली आहे, बोटातील अंगठी होरपळली आहे. आणि ती त्याला सरळ जाब विचारते. माझ्या अंत्ययात्रेत तू का चालला नाहीस, चितेवर साधे सुगंधी द्रव्य का घातले नाहीस, माझ्या जुन्या दासींचे हाल का होऊ दिलेस? आणि ती शपथेवर सांगते की, इमान राखले ते मी. तीन ग्रंथांत जिच्या बेइमानीचा पाढा वाचला गेला, तिला कवीने मृत्यूनंतर बोलण्याचा अधिकार दिला, आणि तो स्वतःविरुद्ध दिला. आपलीच फिर्याद उलटून आपल्यावर येऊ देणाऱ्या या कवीच्या प्रामाणिकपणापुढे मला नेहमीच नतमस्तक व्हावेसे वाटते.

टिब्युलसची प्रकृती निराळी. मेसाला या सेनापतीच्या आश्रयातला हा कवी शेतीवाडी, ग्रामदैवते आणि प्रिया डीलिया हिचा सहवास यांपलीकडे काही मागत नाही. मोहिमेवर निघाला असता कॉर्फू बेटावर तो आजारी पडला, आणि परक्या मुलखात मरण येईल या भयाने लिहिलेली त्याची कविता फार हृद्य आहे. पण त्याच मेसालाच्या घरातून आलेला दुसरा एक आवाज अधिक दुर्मिळ आहे. टिब्युलसच्या संग्रहाला जोडून आलेल्या सहा छोट्या कविता, एकूण अवघ्या ४० ओळी, सल्पिशिया नावाच्या तरुणीच्या आहेत. ती सर्व्हियस सल्पिशियस या प्रतिष्ठित गृहस्थाची कन्या आणि मेसालाच्या देखरेखीखाली वाढलेली. सेरिंथसवरील प्रेम लपवून ठेवण्यात उघड करण्यापेक्षा अधिक लाज आहे, असे ती पहिल्याच कवितेत म्हणते, आणि आपला मजकूर मोहोरबंद करून पाठविण्यास नकार देते. वाढदिवस खेड्यात काढावा लागणार म्हणून ती रुसते. सेरिंथसचे लक्ष एका हलक्या स्त्रीकडे गेले तेव्हा आपण सर्व्हियसची मुलगी आहोत याची ती त्याला ताठपणे आठवण देते. तापाने अंग पोळत असता आपली काळजी त्याला आहे का, असे विचारते. आणि शेवटी, आदल्या रात्री आपली उत्कटता लपविण्यासाठी त्याला एकटा सोडून आपण निघून गेलो, याचा खेद करते. या ओळी एका स्त्रीच्या असूच शकत नाहीत, असे म्हणणारे विद्वानही होऊन गेले. सिंथिया, डीलिया, लेस्बिया यांचे स्वतःचे एक अक्षरही आपल्यापर्यंत आलेले नाही. म्हणून या ४० ओळींचे वजन, त्यांच्या संख्येने मोजता येणार नाही इतके, मोठे आहे.

येथे एक प्रश्न उभा राहतो. हे सारे खरे घडलेले होते काय? अपुलियस या नायिकांची खरी नावे देतो: सिंथिया म्हणजे होस्टिया, डीलिया म्हणजे प्लानिया. तथापि बंद दार, गुलामगिरी, प्रेमाची फौज हे संकेत कवीकवींनी एकमेकांकडून घेतले, हेही उघड आहे. आणि कविता स्वैर असली तरी कवीचे आचरण शुद्ध असू शकते, असा इशारा कॅटलसने व ओव्हिडने स्पष्टच देऊन ठेवला आहे. या कवितांतून चरित्राचे तुकडे जुळवून सलग प्रेमकथा रचणाऱ्या जुन्या पंडितांची रीत जशी भाबडी होती, तशीच सर्व काही सांकेतिक ठरवून भावनेलाच बाद करणाऱ्यांची रीत अपुरी आहे. संकेत हा कवीला वारशाने मिळतो. त्यात तो स्वतः किती उतरतो, यावर कवितेचे सत्य ठरते. सिंथियेचे प्रेत-रूप प्रोपर्शियसला खरोखर दिसले की नाही हा प्रश्न गौण आहे. तिने केलेला आरोप त्याने स्वतःवर ओढून घेतला, ही गोष्ट खरी आहे.

या मालिकेतला शेवटचा कवी ओव्हिड हा इ.स.पू. ४३ मध्ये सुल्मो येथे जन्मला, आणि यादवीच्या जखमा भरत आल्या असताना तरुण झाला. त्याच्या कोरिनेवरील कवितांत वेदनेपेक्षा चातुर्य अधिक आहे. ही कोरिना कोण, हे लोक विचारीत राहिले, आणि त्याने सांगितले नाही. परंतु काळ चातुर्याच्या अशा खेळाला अनुकूल राहिला नव्हता. इ.स.पू. १८ मध्ये ऑगस्टसच्या कायद्याने परस्त्रीगमन व परपुरुषगमन हा घरातला दोष न राहता सार्वजनिक न्यायालयात चालणारा फौजदारी गुन्हा झाला होता, आणि अशा वेळी ओव्हिडने प्रेमाची कला शिकविणारा पद्यग्रंथ प्रसिद्ध केला. इसवी सन ८ मध्ये बादशाही हुकमाने त्याची काळ्या समुद्राच्या काठी, टोमिस येथे, म्हणजे आजच्या रुमानियातील कॉन्स्टान्त्सा या गावी, हद्दपारी झाली. एक कविता आणि एक प्रमाद, एवढीच कारणे त्याने स्वतः नोंदविली. तो प्रमाद कोणता, हे मात्र त्याने कधी उघड केले नाही. तिथून त्याने आपल्या पत्नीस जी काव्यपत्रे लिहिली, त्यांत ती रोममध्ये राहून आपली मालमत्ता व आपले नाव सांभाळते आहे, तिने निष्ठा सोडली नाही, याचा तो वारंवार गौरव करतो. ज्याने प्रेमाच्या डावपेचांवर ग्रंथ लिहिला, त्याला संकटात आधार वाटला तो कॅटलसने मागितलेल्या त्याच इमानाचा. इसवी सन १७ किंवा १८ मध्ये तो तिथेच मरण पावला. त्याच्यानंतर रोममध्ये या घाटाला त्याच्या तोलाचा कवी लाभला नाही.

काव्य मात्र लोकांच्या तोंडी राहिले. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईच्या भिंतींवर सामान्य माणसांनी खरडलेल्या प्रोपर्शियसच्या व ओव्हिडच्या ओळी सापडल्या आहेत. कॅटलसचा संग्रह मध्ययुगात जवळजवळ लुप्त झाला होता. चौदाव्या शतकाच्या आरंभी त्याच्याच व्हेरोना गावी एक हस्तलिखित प्रकट झाले, त्याच्या नकला झाल्या, आणि मूळ हस्तलिखित पुन्हा नाहीसे झाले. आज ऑक्सफर्ड, पॅरिस व व्हॅटिकन येथे असलेल्या जुन्या प्रतींवर त्याच्या काव्याची सारी भिस्त आहे. पेट्रार्कपासून पुढील युरोपीय कवींनी एका स्त्रीच्या नावाभोवती अवघे पुस्तक गुंफण्याची जी रीत चालविली, तिचा मोठा ओघ या लॅटिन कवींपासून निघतो.

कवीने आपल्या खासगी भावना चव्हाट्यावर आणल्या म्हणून काव्य वैयक्तिक होते, अशी एक समजूत आज सर्वत्र दिसते, आणि ती या कवींच्या साहाय्याने तपासून पाहावी, असे मला मनापासून वाटते. त्यांचे काव्य वैयक्तिक झाले ते जबाबदारीमुळे. ज्या बंधनाला कायदा ओळखत नव्हता आणि समाज हसत होता, त्या बंधनाला त्यांनी स्वतःच्या नावाने मान्यता दिली, ते मोडल्याचा दोष दुसऱ्यावर ठेवला तेव्हा स्वतःचीही झडती घेतली, आणि आपल्या शब्दाचे आपणच जामीन राहिले. राज्याने माणसाचे मोल त्याच्या पदांवरून ठरवावे हे स्वाभाविक आहे; परंतु माणसाने स्वतःचे मोल ठरविताना एका तरी माणसाशी आपण किती खरे वागलो हे आधी विचारावे, असे सांगणारे काव्य रोमच्या सामर्थ्यशाली नागरिकांमधून निर्माण झाले, आणि म्हणूनच ते केवळ प्रेमिकांचे न राहता, विचार करणाऱ्या प्रत्येक माणसाचे झाले आहे.